सात नंबरच्या गाडीने बेसबॉलला

अमेरिकेत लेकीकडे जाऊन आलेल्या बाईला आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. नायगारा पाहिला का, आणि तो मशाल धरलेला पुतळा पाहिला का. मी दोन्ही पाहून आले. धबधबा मोठा आहे आणि पुतळा हिरवा आहे, यापेक्षा जास्त सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मला लिहायचे आहे ते एका खेळाच्या मैदानाबद्दल. २००९ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहरात बेसबॉलची दोन नवी स्टेडियम एकाच आठवड्यात सुरू झाली. एक ब्राँक्स भागात यांकी संघाचे आणि दुसरे क्वीन्स भागात मेट्स संघाचे. आम्ही गेलो ते दुसऱ्या ठिकाणी. त्याचे नाव सिटी फील्ड.

माझी लेक क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला राहते. सिनेमात दिसते ते काचेच्या उंच इमारतींचे न्यूयॉर्क हे नव्हे. तिच्या घरापासून पाच मिनिटांवर चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची दुकाने, सोनार, मिठाईवाले आणि हलाल मटणाची दुकाने ओळीने उभी आहेत. आंबे पाकिस्तानचे की आपले यावरून तिथे रोज वाद होतात. त्याच रस्त्याच्या टोकाला डोक्यावरून लोखंडी पुलावर सात नंबरची लोकल धावते. त्या गाडीत एका डब्यात किती भाषा कानावर पडतात याचा मी एकदा हिशेब करायला घेतला, आणि सोडून दिला. मेक्सिको, कोलंबिया, बांगलादेश, चीन, कोरिया, सगळे आपापल्या पिशव्या सांभाळत उभे. जॅक्सन हाइट्सहून पूर्वेकडे निघाले की सहावे स्टेशन स्टेडियमचे.

स्टेशनचे नाव पूर्वी ‘विलेट्स पॉइंट–शे स्टेडियम’ होते. नव्या स्टेडियमला नाव एका मोठ्या बँकेचे आहे. त्या नावासाठी सिटी बँकवाले वीस वर्षे दरवर्षी सुमारे दोन कोटी डॉलर मोजणार असे ठरले. मग २००८ मध्ये बँका बुडायची वेळ आली आणि याच बँकेला सरकारने ४५ अब्ज डॉलर देऊन वाचवले. त्यामुळे लोकांनी चेष्टा सुरू केली की स्टेडियमला आता करदात्यांचेच नाव द्या. रेल्वेने मात्र स्टेशनला बँकेचे नाव फुकट लावायला नकार दिला, म्हणून पाटीवर आता नुसते ‘मेट्स–विलेट्स पॉइंट’ आहे. आमच्या नानांना हा किस्सा इतका आवडला की ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागले.

नाना म्हणजे आमच्या घरचे. नातू त्यांना नाना म्हणतो, म्हणून आता सगळेच म्हणतात. चिपळूणजवळच्या हायस्कूलमध्ये त्यांनी गणित आणि इंग्रजी शिकवले. पण तालुक्यात त्यांची ओळख शिक्षकापेक्षा स्कोअरर म्हणून जास्त. उन्हाळ्यात गावोगाव क्रिकेटच्या स्पर्धा होतात तिथे तीस वर्षे मांडवाखाली टेबल टाकून यांनी स्कोअरबुक भरले. धावा निळ्या शाईने, विकेट लाल शाईने. मेडन ओव्हर पडली की सहा टिंबे जोडून त्याचा एम काढायचा, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकवले होते. का, ते मला अजून कळलेले नाही.

नातू अकरा वर्षांचा. तो बेसबॉल खेळतो, मुलांच्या संघात सेकंड बेसला उभा राहतो. नानांनी त्याच्यासाठी रत्नागिरीहून मुद्दाम क्रिकेटची बॅट नेली होती. ती त्याने ‘थँक यू नाना’ म्हणून घेतली आणि दाराच्या मागे ठेवली. मे महिन्यापासून सहा आठवडे ती तिथेच होती. त्याचे इंग्रजी भरधाव, नानांचे जपून. दोघांचे बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘यस नाना’ यापलीकडे जात नव्हते. लेकीला ते लागत होते. आमचा रमजान घरी चिपळूणला करायचा बेत होता, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला निघायचे. जावयांनी जुलैमधल्या एका रविवारची सहा तिकिटे काढली ती यासाठीच, असे मला वाटते. जावई फार्मसिस्ट आहेत, रविवारची सुट्टी त्यांना सहज मिळत नाही.

तिकिटे सर्वांत वरच्या मजल्याची होती. जुन्या शे स्टेडियममध्ये साधारण ५७ हजार माणसे बसत, नव्यात ४२ हजारांच्या आसपास. जागा कमी, खुर्च्या रुंद, आणि खालच्या रांगांचे दर असे की आपण त्यांच्याकडे पाहायचे आणि जिना चढायचा. स्टेडियम बांधायला सुमारे ८५ कोटी डॉलर लागले. जुने स्टेडियम शेजारीच उभे होते. नवे पूर्ण होत आले तसे ते पाडले आणि तिथे गाड्या उभ्या करायला जागा केली. त्या पार्किंगमध्ये जुन्या मैदानावरच्या चारही बेसच्या जागा जमिनीत खुणा बसवून दाखवल्या आहेत. एक आजोबा तिथे, दोन मोटारींच्या मधोमध, आपल्या माणसांचे फोटो काढत होते.

शे स्टेडियम १९६४ पासूनचे. बीटल्स गायकांचा मोठा कार्यक्रम १९६५ मध्ये तिथेच झाला, हे जगाला माहीत आहे. माझ्या लेकीला ते आठवते ते दुसऱ्याच कारणासाठी. ती नवी नवरी म्हणून इथे आली त्याला काही वर्षे झाली होती, तेव्हा ११ सप्टेंबर २००१ चा दिवस उजाडला. त्यानंतर शे स्टेडियमच्या पार्किंगमध्ये मदतीचे सामान जमा होत होते. जावई आणि त्यांचे दोन मित्र औषधांची खोकी घेऊन गेले होते. लेक मात्र बरेच दिवस घराबाहेर पडली नाही. डोक्यावरचा रुमाल काढावा की ठेवावा यावर तिने तेव्हा फोनवर माझ्याशी तासभर चर्चा केली होती. तो रुमाल आजही तिच्या डोक्यावर आहे. शहरात क्रिकेट नव्हे, बेसबॉल पुन्हा सुरू झाला तो २१ सप्टेंबरला, याच मेट्सच्या मैदानात. आणि त्या रात्री माइक पियाझा नावाच्या खेळाडूने मारलेल्या होमरनची गोष्ट इथली माणसे अजून सांगतात.

स्टेशनचा जिना उतरले की समोर विटांची कमानदार इमारत दिसते. नवी असून जुन्यासारखी. त्यालाही कारण आहे. ब्रुकलिनमध्ये १९१३ साली एबेट्स फील्ड नावाचे मैदान झाले, तिथे डॉजर्स संघ खेळत असे. शहराने त्या मालकाला क्वीन्समधली हीच जागा देऊ केली होती. त्याला ब्रुकलिन हवे होते. शेवटी १९५७ चा हंगाम संपल्यावर तो संघ उचलून थेट लॉस एंजेलिसला घेऊन गेला. जायंट्स संघही त्याच वेळी गेला. गिरणी हलवावी तसा आख्खा संघ हलवतात हे ऐकून मी चकित झाले. न्यूयॉर्ककर पाच वर्षे हळहळले, मग १९६२ मध्ये मेट्स संघ निघाला. त्याच्या कपड्यांतला निळा रंग गेलेल्या डॉजर्सचा आणि नारिंगी जायंट्सचा. नव्या स्टेडियमचा दर्शनी भाग त्या पाडून टाकलेल्या एबेट्स फील्डसारखा बांधला आहे.

दारात सगळ्यांच्या पिशव्या उघडून पाहतात. आमच्या पिशवीत चपात्या, खिम्याचे पॅटिस आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या. घरचे खाणे आत नेऊ देतात, ही या स्टेडियमची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. आत कोशर खाण्याचा गाडा होता. यहुदी लोकांच्या धर्मनियमाप्रमाणे केलेले. आपल्यातले काही जण ते चालवून घेतात, काही नाही. आम्ही आपले पॅटिस काढले. बिअरचे पेले मात्र हातोहात फिरत होते. पुढच्या रांगेतल्या माणसाने पेला पायाशी ठेवताना मागे वळून पाहिले आणि आपणहून तो दुसऱ्या बाजूला सरकवला.

दारातून आत गेल्या गेल्या एक प्रचंड गोल दालन लागते. त्याला जॅकी रॉबिन्सनचे नाव दिले आहे. मध्ये माणसापेक्षा उंच, निळ्या रंगाचा ४२ हा आकडा उभा आहे. लोक त्याच्याजवळ फोटो काढून घेतात आणि पुढे जातात. आमचा नातू मात्र थांबला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नानांशी आपणहून बोलला. “नाना, यू नो हू ही वॉज?”

नानांना माहीत नव्हते. मग त्याने सांगितले. इंग्रजीत, मध्ये मध्ये आमच्यासाठी मराठी शब्द शोधत.

रॉबिन्सन हा जॉर्जिया राज्यातल्या एका शेतमजुराचा काळा मुलगा. सैन्यात अधिकारी असताना, १९४४ मध्ये, त्याला बसमध्ये मागे जाऊन बस असे सांगितले. तो उठला नाही. त्याच्यावर लष्करी खटला भरला, त्यातून तो निर्दोष सुटला. तेव्हा मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या खेळाडूंना साठेक वर्षे प्रवेशच नव्हता. ब्रँच रिकी हे डॉजर्स संघाचे प्रमुख होते. त्यांनी त्याला बोलावून विचारले की लोक शिव्या देतील, अंगावर चेंडू टाकतील, तुला उलट उत्तर न देता राहता येईल का? त्याने कबूल केले. १५ एप्रिल १९४७ ला तो एबेट्स फील्डवर उतरला. एका विरोधी संघाचा व्यवस्थापक तर मैदानाबाहेरून सतत घाणेरडे बोलत होता. रॉबिन्सन खेळत राहिला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याचा ४२ हा आकडा सगळ्याच संघांनी कायमचा राखून ठेवला. नव्या खेळाडूला तो मिळत नाही. २००९ मध्ये मात्र १५ एप्रिलला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू ४२ नंबर घालून उतरले होते.

नाना सगळे ऐकत होते. १९४७ म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या बरोबर चार महिने आधी.” मग जमिनीकडे पाहत फिरू लागले. तिथे दगडात नऊ शब्द कोरले आहेत. धैर्य, न्याय, चिकाटी, सचोटी, नागरिकत्व असे. पाच वर्षांची नात एकेका अक्षरावर उड्या मारत होती.

नातू आईकडे न बघता म्हणाला, “अम्मी पण मला हेच सांगते. काही बोलू नकोस.”

मग कळले. जूनमध्ये एका सामन्यात समोरच्या संघातल्या मुलाने याचे नाव ऐकून बाँबवरून काहीतरी म्हटले होते. दोन मुले हसली. हा रडत घरी आला, आणि लेकीने सांगितले की दुर्लक्ष कर, खेळत राहा. आम्ही त्याच घरात होतो आणि आम्हाला कुणी कळू दिले नव्हते. लेकीचा चेहरा उतरला. आई म्हणून तिला काय वाटले असेल ते मी जाणते; दोन हजार एक सालापासून तिने स्वतः तेच केले आहे, मान खाली घालून पुढे जायचे. त्याने तिचे वाईटही झालेले नाही.

नानांनी तिला काही म्हटले नाही. नातवालाच विचारले, “हा रॉबिन्सन पुढे कधी बोलला की नाही?”

“बोलला ना. १९४९ मध्ये मिस्टर रिकींनी सांगितलं, आता तू मोकळा. मग तो खूप बोलला. अंपायरशी पण भांडला.”

“दोन वर्षांनी.”

“हो. दोन वर्षं.”

“तुझे किती दिवस झाले?”

नातवाने बोटांवर मोजले. पाच आठवडे. नाना म्हणाले, “बोलायचं ते तू बोलायचं की मोठ्यांनी, तेवढं आपण ठरवू,” आणि जिन्याकडे निघाले. पुढच्या बुधवारी लेक मुलांच्या प्रशिक्षकाला जाऊन भेटली. त्याला तो प्रकार माहीतच नव्हता. त्याने काय केले ते माझ्या पुढ्यात झाले नाही म्हणून लिहीत नाही. नातू खेळायला जात राहिला एवढे खरे.

वर आमच्या जागेवरून मैदान कागदावर काढल्यासारखे दिसत होते. चार बेस, मध्ये नव्वद नव्वद फुटांचे अंतर, आणि साठ फूट सहा इंचांवरून चेंडू टाकणारा पिचर. डोक्यावरून ला गार्डिया विमानतळाची विमाने इतकी खालून जातात की बोलणे थांबवावे लागते. मैदानाच्या मागच्या बाजूला एक अवाढव्य लाल सफरचंद आहे; यजमानांनी होमरन मारला की ते टोपीतून सशासारखे वर येते. एप्रिलमध्ये या स्टेडियमच्या पहिल्याच सामन्यात पाहुण्या संघाच्या पहिल्याच फलंदाजाने होमरन मारला, तेव्हा सफरचंदाला गप्प बसावे लागले होते.

पहिली तीन डाव मला खेळ कळला नाही. क्रिकेट पाहिलेल्या डोळ्यांना चेंडू जमिनीवर टप्पा न पडता येतो हेच खटकते. फलंदाज मागे मारतो ते फुकट जाते. चेंडू प्रेक्षकांत गेला तर ज्याने पकडला त्याचा, परत देत नाहीत. आणि मारल्यावर बॅट टाकून पळायचे! नानांना पहिला धक्का तिथेच बसला. “बॅट टाकली,” ते दोनदा म्हणाले.

आमच्या डाव्या हाताला साठीची एक बाई एकटी बसली होती. मांडीवर जाड कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूनंतर ती काहीतरी लिहीत होती. नानांची नजर खेळावरून त्या कागदावर गेली आणि तिथेच राहिली. ते विचारायला संकोचत होते हे मला कळत होते. शेवटी नातवानेच सांगितले, “नाना, शी इज कीपिंग स्कोअर.”

असा कागद खाली मिळतो. जावई जाऊन घेऊन आले, सोबत छोटी पेन्सिल. आणि मग पुढचे दोन तास मला नवरा होता असे वाटले नाही.

ही पद्धत सांगण्यासारखी आहे. मैदानावरच्या नऊ जागांना आकडे दिलेले असतात. पिचर एक, फलंदाजाच्या मागे बसणारा कॅचर दोन, मग पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, शॉर्टस्टॉप सहा, आणि मागचे तिघे सात, आठ, नऊ. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्या बेसला, दोघे बाद, की लिहायचे ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर इंग्रजी के. बॅट न हलवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच के उलटा, आरशात दिसावा तसा. प्रत्येक चौकटीत एक छोटा हिरा काढलेला असतो. खेळाडू एकेक बेस पुढे सरकला की त्याची एकेक बाजू गडद करायची, आणि धाव पूर्ण झाली की आख्खा हिरा भरायचा.

नातू सेकंड बेसचा, म्हणजे चार नंबरचा. “नाना, फोर इज मी,” असे म्हणून त्याने सुरुवात केली. नानांनी दोन डाव नुसते त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिले. पाचव्या डावात ते म्हणाले, हा उलटा के म्हणजे आपल्याकडे चेंडू सोडला आणि बोल्ड झाला तसे. सहाव्यात दोघांचा वाद झाला. शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू निसटला. नातवाच्या मते ती त्याची चूक, म्हणजे ‘ई सहा’ लिहायचे. नानांच्या मते चेंडू अवघड होता, फलंदाजाला श्रेय द्यायला हवे. शेजारच्या बाईंनी आपला कागद पुढे केला. त्यांनीही ‘ई सहा’ लिहिले होते. नाना त्यांच्याशी वाद घालायला कचरले, पण पटले नाही ते नाहीच.

त्या बाईंकडून एक गोष्ट कळली, ती नंतर नातवाने ग्रंथालयातून पुस्तक आणून नानांना दाखवली. बेसबॉलचा धावफलक छापायची पद्धत, फलंदाजीची सरासरी, तो के, हे सगळे ज्याने रुळवले तो हेन्री चॅडविक जन्माने इंग्लंडचा, लहानपणी ब्रुकलिनला आलेला, आणि मुळात क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. ‘स्ट्रक’ या शब्दाचे शेवटचे अक्षर म्हणून के. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही याच न्यूयॉर्कमध्ये, १८४४ मध्ये, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला होता. नानांनी ही माहिती अशा सुरात ऐकली जणू कोणी त्यांच्या हरवलेल्या चुलत्याचा पत्ता दिला.

जावयांनी मग रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचे सांगितले. उत्तर प्रदेशातली ही दोन मुले, भाला फेकणारी. बेसबॉल कधी हातात धरला नव्हता. भारतात घेतलेल्या एका स्पर्धेतून निवडून त्यांना अमेरिकेत आणले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला. तेव्हा ते खालच्या पायरीच्या संघांत खेळत होते. नातवाला त्यांची नावे माहीत होती. नानांना नव्हती.

सातव्या डावाच्या मध्ये सगळे स्टेडियम उठून उभे राहते, हातपाय मोकळे करते आणि एक जुने गाणे म्हणते. ते १९०८ सालचे. ते लिहिणाऱ्याने तोवर बेसबॉलचा सामना पाहिलाही नव्हता म्हणतात. आमची नात सगळ्यांत मोठ्याने गात होती. तिला आमच्या ‘ये रे ये रे पावसा’च्या दोनच ओळी येतात, आणि हे मात्र पूर्ण.

सामना संपल्यावर आम्ही लगेच घरी गेलो नाही. स्टेडियमच्या पलीकडच्या रस्त्याला, म्हणजे अगदी समोर, मोटारदुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडांची रांग होती. काचा, टायर, सायलेन्सर, दारे, सगळे उघड्यावर. रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत काळे पाणी. तिथे गटाराची सोयच नाही असे जावयांनी सांगितले. शेकडो माणसे तिथे पोट भरत होती, बहुतेक बाहेरून आलेली. मी कुर्ल्याला भावाकडे राहायचे तेव्हा रोज हेच दृश्य पाहायची. तोच ग्रीसचा वास, तोच ओळखीचा ओरडा, फक्त भाषा स्पॅनिश. शहराने ही सारी वस्ती हटवून तिथे घरे आणि हॉटेले बांधायचा बेत २००८ मध्ये मंजूर केला होता. पंच्याऐंशी कोटींच्या इमारतीकडे तोंड करून एक मुलगा टायर धूत होता. या माणसांना दुसरीकडे जागा कुठे देणार, असे नानांनी विचारले. जावयांनी खांदे उडवले.

स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्यांच्या पुलावरून फ्लशिंग मेडोजचे विस्तीर्ण उद्यान लागते. एके काळी इथे कोळशाच्या राखेचे डोंगर होते. ते सपाट करून १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरवले. १९६४ च्या प्रदर्शनासाठी केलेला पोलादी पृथ्वीगोल अजून उभा आहे, १४० फूट उंच. त्याच्या शेजारच्या बैठ्या इमारतीत आता संग्रहालय आहे. पण संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा सुरुवातीची काही वर्षे त्याच इमारतीत भरत असे, आणि पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ ला तिथेच मंजूर झाला. भारताने त्या ठरावाच्या विरोधात मत दिले होते. मुले समोरच्या कारंज्यात भिजत होती. आम्ही झाडाखाली चादर पसरून जोहर अदा केली, आणि वेळ होताच असर. कुणी थांबून पाहिले नाही. पलीकडे एक मेक्सिकन कुटुंब शेगडीवर मक्याची कणसे भाजत होते.

त्याच हिरवळीवर थोड्या अंतरावर मुले क्रिकेट खेळत होती. काही बांगलादेशी, काही गयानाची. नाना आपोआप तिकडे वळले, नातू हातात बेसबॉलचा चामडी मोजा घेऊन मागे. एक उंच फटका त्यांच्या दिशेने आला. नातवाने तो एका हाताने, मोज्यात, उभ्या उभ्या झेलला, आणि तिथूनच फेकला तो थेट यष्टिरक्षकाच्या हातात, टप्पा न पडता. खेळणारी मुले ओरडली. एकाने त्याला हाताने खूण करून बोलावले. तो गेला, अर्धा तास सीमारेषेवर उभा राहिला, बॅटिंग मिळाली तेव्हा पहिलाच चेंडू मारून बॅट टाकून पळाला. सगळे हसले, तोही हसला. नाना हसले नाहीत. ते त्याला बॅट कुठे टेकवायची ते दाखवायला पिचवर निघाले होते, मीच हात धरून थांबवले.

गाडीत गर्दी होती. निळ्या-नारिंगी टोप्या, झोपलेली पोरे, भाजीच्या पिशव्या. दोघांना कोपऱ्यात एक जागा मिळाली, त्यात नातू नानांच्या मांडीवर कसाबसा टेकला. स्कोअरचा कागद दोघांच्या मध्ये. सामना बरोबरीत सुटत नाही का, असे नाना विचारत होते. नातू म्हणाला, नाही, बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत आणखी डाव खेळतात, मध्यरात्र झाली तरी. क्रिकेटचा मोठा सामना किती वेळ चालतो?

“पाच दिवस,” नाना म्हणाले.

“फाइव्ह डेज? मग कोण जिंकतं?”

“कधी कधी कुणीच नाही.”

नातवाने कागदावरून मान वर काढून त्यांच्याकडे पाहिले. “पाच दिवसांनी पण?”

नानांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि ड्रॉ म्हणजे काय, तो वाचवायला कसे खेळतात, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. एकशे अकरावा रस्ता, एकशे तिसरा, जंक्शन बुलेवार्ड गेले. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर उतरलो तेव्हा ते चौथ्या दिवसाच्या चहापानापर्यंत पोहोचले होते.